घोडा कुणाचा?

जो कुठल्याही पक्षाच्या वा संस्थेच्या छत्राखाली न जाता आपल्या मतीने आणि आपल्या हिमतीने काम करतो, अशा माणसाला आपण मराठीत ‘एकांडा शिलेदार’ म्हणतो, आणि म्हणताना आपल्या स्वरात कौतुक असते. हे कौतुक मात्र अलीकडचे. पेशवाईतल्या लष्करी हिशेबात ‘एकांडे’ हे केवळ एक सदर होते: जो कुणा सरदाराच्या पथकात मोडत नाही, स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन एकटाच चाकरीस उभा राहतो आणि ज्याचा करार सरकारशी निराळा ठरतो, तो एकांडा. इंग्रजीतला ‘फ्रीलान्स’ हा शब्दही रणांगणावरचाच. १८१९च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत वॉल्टर स्कॉटने भाडोत्री भालाइतांसाठी तो वापरला, आणि पुढे तो लेखक, चित्रकार, हिशेबनीस अशा सर्व बिनखुंटीच्या माणसांना चिकटला. परंतु दोन भाषांनी एकाच धंद्यातून शब्द उचलला तरी नजर दोघींची वेगळी आहे. इंग्रजाने भाला पाहिला. आपल्याकडच्या कारकुनाने घोडा पाहिला. भाला एकदा घेतला की कोपऱ्यात उभा राहतो. घोडा रोज दाणा खातो, चाकरी असो वा नसो.

मंदीच्या दिवसांत कायम नोकरी धरावी की करारावर मोकळे राहावे, हा प्रश्न आजकाल वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत आणि घराघरांतल्या संगणकांपुढे पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि तो आपल्याच काळाने प्रसवला असा विचारणाऱ्यांचा समज असतो. ज्या शहरात तो विचारला जातो त्याचे नाव १६१० साली मलिक अंबरने वसवले तेव्हा खडकी होते, मग फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे झाले. नावे पालटली तरी या गावाच्या वेशीवर चाकरी मागणाऱ्यास पहिला सवाल बहुधा एकच होत आला: घोडा कुणाचा?

शिलेदार म्हणजे मूळ फारसी सिलाहदार, हत्यार बाळगणारा. घोडा त्याचा, जीन त्याचे, तलवार त्याची, आणि वेतन या सर्वांसह. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो. त्याच्या अंगावर स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नसे आणि वेतन अर्थातच कमी. मौज अशी की फारसीत ‘बारगीर’चा मूळ अर्थ भार वाहणारा, आणि व्यवहारात मात्र खर्चाचा भार ज्याच्यावर पडत नसे त्यालाच ते नाव मिळाले. हाच शब्द पुढे नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर १७४०च्या दशकात बंगाल्यात गेला आणि ‘बर्गी’ होऊन तिथल्या आया मुलांना निजवताना त्याची भीती घालू लागल्या. म्हणजे घरी ज्याचा मान शिलेदाराहून एक पायरी खाली, त्याच्या नावाने परमुलखात साऱ्या मराठी फौजेची दहशत बसली.

या दोन पायऱ्यांमधले अंतर ओलांडण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा याच परिसरातली आहे. खडकीपासून काही कोसांवर वेरूळ. तिथल्या भोसल्यांच्या घरातले मालोजी आणि विठोजी हे बंधू प्रथम सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांकडे बारगीर म्हणून राहिले, असे बखरकार सांगतात. त्या कथेत पुढे देवीचा प्रसाद आणि भूमिगत द्रव्य येते. ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावे. माझ्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे ते एवढेच, की द्रव्य हाती येताच पहिली खरेदी घोड्यांची झाली असे सांगणे बखरकाराला स्वाभाविक वाटले. भांडवल आले की बारगिराचा शिलेदार होतो, शिलेदाराचा सरदार होतो. आणि वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी मालोजींचे नाव जोडले गेले ते सरदार झाल्यावर.

पण चढत्या काळाचे गणित उतरत्या काळात लागू पडत नाही. १६२९च्या जुलैत लखुजी जाधवराव दौलताबादेत निजामशाही दरबारातच मारले गेले. पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर असा दुष्काळ कोसळला की शाहजहानच्या दरबारी इतिहासकारालाही त्याचे भयानक वर्णन करावे लागले. १६३०पासूनच्या सहा-सात वर्षांत मालोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी निजामशाही सोडली, मोगलांची मनसब घेतली, ती टाकली, निजामशाहीच्या एका बालवारसाला गादीवर बसवून स्वतः राज्य चालवून पाहिले, आणि अखेर १६३६ मध्ये आदिलशाहीची चाकरी पत्करली. नंतरच्या लेखकांनी यात महत्त्वाकांक्षा पाहिली, कुणी राष्ट्रभावनेचा अंकुर पाहिला, दोन्ही असतीलही. परंतु ज्याच्या मागे हजारो घोडी दाण्यासाठी खिंकाळत आहेत आणि ज्या मुलखात गवताची काडी उरलेली नाही, अशा मोठ्या शिलेदाराला धनी बदलण्यावाचून दुसरा मार्ग काय होता, हाही प्रश्न इतिहासाने विचारण्याजोगा आहे. मनुष्य एक वेळ उपाशी निष्ठा पाळील. घोडा पाळत नाही.

शहाजीराजांच्या पुत्राने हे पाहिले होते, असे मानायला जागा आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना कृष्णाजी अनंत सभासदाने लिहून ठेवली आहे तीत पागेचा जोर शिलेदारांहून अधिक राहील, शिलेदार पागेच्या हुकुमात वागतील, असा कटाक्ष स्पष्ट दिसतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, आणि प्रत्येक पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. हा नालबंद मला त्या साऱ्या व्यवस्थेतला अत्यंत बोलका अधिकारी वाटतो. कारण घोड्याच्या टापेखालची नाल झिजली तर ती कुणी बसवायची, हे ज्या राज्याने आधीच ठरवून ठेवले आहे त्याने घोड्याचे मरणही आपल्या खाती घेतलेले असते. त्याच व्यवस्थेत आठ महिने फौज मुलूखगिरीवर असे आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीत परते, तेव्हा घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या जागा आधीच सिद्ध ठेवलेल्या असत. पावसाळा हा लष्करी धंद्यातला ठरलेला मंदीचा हंगाम. बारगिराला तो छावणीत काढता येई. शिलेदाराला बहुधा तो आपल्या गावी, आपल्या गोठ्यात, आपल्या खर्चाने काढावा लागे, आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी घोडा धडधाकट नसेल तर त्याचे सारे मोकळेपण त्या जनावराबरोबर लंगडे होई.

याचा परिणाम रणांगणावरही होत असे. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची सारी मालमत्ता. तो पडला तर भरपाई मिळेलच याची शाश्वती नाही, मिळाली तरी कधी, तेही कुणी सांगू शकत नसे. त्यामुळे तो घोडा तोफांच्या तोंडी घालायला कां-कू करी, आणि अनेक परकी निरीक्षकांनी त्याला भित्रेपणा म्हटले. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. हत्यार, वाहन आणि जोखीम ज्याच्या माथी, त्याने धन्याच्या लढाईत आपले भांडवल जपून वापरले तर तो व्यवहार आहे. धन्याला शौर्य हवे असेल तर त्याने घोडा विकत घेऊन द्यावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. कायम चाकरीचे मोल धन्याच्या कोठारात दाणा आहे तोवरच. औरंगजेब १६८१-८२ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये इथेच, अहमदनगरास, वारला. त्याचे थडगे खुलताबादेत आहे. या पंचवीस वर्षांत औरंगाबाद हे साम्राज्याच्या दक्षिणी कारभाराचे केंद्र होते आणि दख्खनी सरदारांना ओढून घेण्यासाठी मनसबी अशा वाटल्या गेल्या की त्यांना पुरतील इतक्या जहागिरीच उरल्या नाहीत. कागदावर मनसब, हातात सनद, आणि वसुलीला गाव नाही, असे कितीतरी लोक बादशाही छावणीच्या मागे फिरत असत. त्या काळचा साक्षीदार भीमसेन सक्सेना हा बऱ्हाणपूरचा कायस्थ, औरंगाबादेत वाढलेला व वावरलेला, काही काळ घोड्यांना डाग देण्याच्या आणि हजेरीच्या दफ्तरात काम केलेला. कुणाचा घोडा खरा, कुणी हजेरीपुरते भाड्याचे तट्टू आणून उभे केले, हे पाहणे ज्या खात्याचे काम, त्या खात्यातला हा माणूस. बादशाही चाकरीतल्या या कारकुनाने पुढे ती सोडून दलपतराव बुंदेल्याच्या पदरी खासगी कारभारी होणे पसंत केले, आणि उत्तरायुष्यात ‘नुस्खा-इ-दिलकुशा’ हा आपल्या काळाचा वृत्तांत लिहिला. जहागीरदारांची दुर्दशा आणि रयतेवरचा जुलूम यांवर त्याने कडवटपणे लिहिले आहे. मोठ्या सरकारची थकणारी चाकरी टाकून लहान सरदाराची मिळणारी चाकरी धरली, यात त्याने काही चूक केली असे त्याच्या लेखनावरून वाटत नाही. १७०७च्या जाजऊच्या लढाईत मात्र दलपतराव पडला आणि भीमसेनाची तीही चाकरी संपली.

१७६३च्या सुमारास निजामाने राजधानी हैदराबादेस नेली आणि औरंगाबादेच्या वाड्यांतून हळूहळू दिवे कमी झाले. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा साऱ्या दख्खनभर तर एकाएकी असे झाले की घोडेस्वार पुष्कळ आणि लढाया नाहीत. त्यात पुढच्या दोन दशकांत धान्याचे भाव घसरले. ज्याने घोडा विकून नांगर धरला त्यालाही नांगराने पोसले नाही. अशा वेळी चाकरीची जी मोजकी ठिकाणे उरली त्यांत निजामाच्या खर्चाने व इंग्रज अंमलदारांच्या हुकुमाखाली चाललेली फौज होती, आणि तिचे एक मोठे ठाणे औरंगाबादेची छावणी. हीच पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून ओळखली गेली. तिच्या घोडदळात शिलेदारीची जुनी पद्धत कायम ठेवली गेली, आणि मंदीने त्या पद्धतीचे काय केले हे पाहण्यासारखे आहे.

स्वाराची फौजेतली जागा म्हणजे ‘असामी’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नावे. हजेरीपटावरचे नाव ते असामी, आणि आज आपण ‘बडी असामी’ म्हणतो तेव्हा त्या हजेरीपटाचीच पाने चाळत असतो. जागा मिळवायची तर घोडा व सरंजाम यांची रक्कम आधी भरायची, निवृत्त होताना ती परत घ्यायची. चाकऱ्या दुर्मिळ झाल्या तशी ही असामी स्वतःच एक मालमत्ता झाली. तिला भाव आला, ती विकली जाऊ लागली. ज्याच्यापाशी पैसा आहे तो एकाहून अधिक असाम्या बाळगी, स्वतः एकाच घोड्यावर बसे, बाकीच्या घोड्यांवर गरीब बारगीर बसवी. वेतन सरकारकडून पुरे घेई आणि बारगिराला त्यातला एक हिस्सा देई. सभासदाच्या काळचा बारगीर सरकारचा होता. हा बारगीर शिलेदाराचा. घोडा त्याचा नाही, आणि जागाही त्याची नाही. एकाच शब्दाने दोन शतकांत केवढी घसरगुंडी पाहिली! आज जिला ठेकेदारामार्फत कामगार घेणे म्हणतात आणि जिच्यासाठी संसदेला १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा करावा लागला, ती पद्धत या छावणीत सव्वाशे-दीडशे वर्षे आधी नांदत होती.

याच व्यवस्थेत मात्र एक शहाणपणाची गोष्टही होती, तिचे नाव चंदा. प्रत्येक शिलेदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून रिसाल्याच्या निधीत टाकत, आणि कुणाचा घोडा मेला किंवा निकामी झाला तर नवा घोडा घेण्यास त्यातून साहाय्य मिळे. एकांड्या माणसाने एकांडेपण थोडेसे सोडून दुसऱ्या एकांड्यांशी केलेला हा करार होता. सरकारच्या पदरचे त्यात काही नव्हते, आणि तरीही शिलेदारी इतकी वर्षे टिकली ती शौर्यापेक्षा या चंद्याच्या जोरावर, असे माझे मत आहे.

धन्याचीही एक कथा सांगायला हवी. औरंगाबादेकडील या फौजेचा पगार वेळेवर देण्याचे काम निजामाच्या सरकारला झेपेना, तेव्हा ते हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीने अंगावर घेतले, बदल्यात महसुलाची तरतूद लिहून घेतली, आणि व्याजाचा डोंगर इतका वाढला की रेसिडेंट चार्ल्स मेटकाफने त्याविरुद्ध मोहीमच उघडली. १८२४ साली पेढी बुडाली. फौजेचा खर्च मात्र बुडाला नाही. तो थकत थकत अखेर १८५३च्या तहात वऱ्हाड, नळदुर्ग-उस्मानाबादकडचा प्रदेश आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे घेऊन गेला. स्वारांचा नियमित तनखा देण्यासाठी एका राज्याला प्रांत गहाण टाकावे लागले. त्या तहानंतर दिवाण झालेले सालारजंग यांनी पुढे महसूल मक्त्याने देण्याची जुनी रीत मोडून १८६५च्या जिल्हाबंदीत पगारी तालुकदार नेमले, ते या कडू अनुभवानंतरच.

आणि कराराची हद्दही याच छावणीत पारखली गेली. जून १८५७ मध्ये इथल्या पहिल्या रिसाल्यात अशी वार्ता पसरली की आपल्याला निजामाच्या मुलखाबाहेर, दिल्लीच्या बादशहाशी लढायला नेणार. ज्या चाकरीसाठी आपण नाव लिहून दिले ती ही नव्हे, असे स्वारांना वाटले, ते बिथरले. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला, आणि कित्येकांना देहान्ताची शिक्षा झाली. काळा चबुतरा म्हणून ती जागा ओळखली जाई. आज तिथे क्रांती चौक आहे, आणि चौकातून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की तिथे मेलेली माणसे घोडेस्वार होती.

याच शहरातल्या विणकरांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हिमरू कापडाच्या जुन्या मागावर एकांडे राहताच येत नाही: खाली बसलेला विणतो आणि नक्षीच्या दोऱ्या ओढायला दुसरा माणूस वर बसतो. तेव्हा इथे प्रश्न ‘माग कुणाचा’ असा होता. दरबारी कारखान्यातला कारागीर पगारी, बाहेरचा आगाऊ रकमेवर धागा घेणारा. राजधानी हलली तेव्हा पहिल्याचा पगार गेला आणि दुसऱ्याचे गिऱ्हाईक. १८८९ साली शहरात सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी निघाली, तिने सुमारे ७०० माणसांना काम दिले. दहा वर्षांनी छप्पनचा दुष्काळ पडला आणि १९०० मध्ये मनमाडकडून हैदराबादेस जाणारी रेल्वे सुरू झाली. दुष्काळात खेडे सोडून शहराच्या वाटेला लागलेल्याच्या नजरेत गिरणीचा भोंगा म्हणजे दुसरी पागाच असावी. तिथे माग स्वतःचा लागत नव्हता.

शिलेदारीचा शेवट फ्रान्समध्ये झाला. १९०३ साली कंटिन्जंट हिंदी फौजेत विलीन झाली होती आणि तिच्या रिसाल्यांतून ‘डेक्कन हॉर्स’ आदी पलटणी बनल्या होत्या. १९१४ नंतर त्या युरोपात गेल्या. विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर हाय वूडपाशी भाले रोखून चालही केली. परंतु मशीनगनपुढे मरणाऱ्या घोड्यांची भरपाई दख्खनच्या शिलेदाराने आपल्या चंद्यातून करावी, हे कुणालाच शक्य नव्हते. घोडे सरकारने पुरवले, आणि महायुद्धानंतर १९२१च्या सुमारास शिलेदारी पद्धत बंद करण्यात आली. ज्या प्रश्नाचे उत्तर शिवकालाने पागा उभारून दिले होते, तेथे ब्रिटिश सरकार अडीचशे वर्षांनी येऊन पोचले.

१९८०च्या दशकात वाळूजला दुचाकी वाहनांचा मोठा कारखाना आला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले, आणि या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने प्रथमच कायम नोकरीचा शिक्का असलेला कागद घरी नेला. मंदीची प्रत्येक लाट आली की त्या कागदाची किंमत वाढली आणि संख्या घटली. असामीचेही असेच झाले होते. आता याच शहरात, बनवलेली बहुधा इथलीच असेल अशी दुचाकी हप्त्यावर घेऊन, पाठीला चौकोनी पिशवी बांधून, जेवणाचे डबे दारोदार पोचवणारे तरुण दिसतात. गाडी त्यांची, तेल त्यांचे, फोन त्यांचा. कुणाच्याच हजेरीपटावर त्यांचे नाव मात्र नाही. कुणी त्यांना स्वतंत्र व्यावसायिक म्हणते, कुणी भागीदार म्हणते. पेशवाईतल्या कारकुनाला एवढे शब्द लागले नसते. त्याने सरळ ‘एकांडे’ या सदरात नोंद केली असती.

त्यांना कायद्यात नाव मिळाले ते २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ज्या कंपन्या त्यांच्याकडून काम करून घेतात त्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम एका निधीत भरावी, अशी तीत तरतूद आहे. म्हणजे चंदा आला, आणि तो स्वाराच्या खिशातून नव्हे, ही जुन्या छावणीहून बरी गोष्ट. त्या निधीतून आखावयाच्या योजनांची यादीही संहितेत दिली आहे: आयुष्य आणि अपंगत्व, अपघात, आरोग्य आणि प्रसूती, वार्धक्य इत्यादी. यादी मी दोनदा वाचली. गाडीचा उल्लेख तीत नाही.